मांडव दिसला म्हणून

इंग्रजीच्या तासाला वर्गाच्या दारावर टकटक झाली की रेहाना मॅडम लगेच दार उघडायच्या नाहीत. खडू हातात धरून आमच्याकडे बघत राहायच्या. बाहेर कोण असेल? "शिपाई मस्ट बी," असं कुणी म्हटलं की विचारायच्या, "पाहिलंस? आवाज ऐकलास? मग माइट म्हण. मस्ट म्हणायचं तर हातात काहीतरी पाहिजे, बाळा." बाहेर शिपाई बिचारा ताटकळत. मस्ट म्हणजे असणारच, माइट म्हणजे असेलही. कर्जतच्या आमच्या शाळेत वर्षभर हेच घोळवणं चालायचं. खरं सांगते, आम्हाला वैताग यायचा.

दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर माझी शाळा बंद पडली. आईला कावीळ झाली आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. तिला आत गुदमरायचं, म्हणून बाबांनी अंगणात मांडव घातला, वर जांभळीचे टहाळे टाकले आणि खाली तिची खाट ठेवली. गावातल्याच माझ्या वर्गमैत्रिणींनी जाता-येता तो पाहिला आणि शाळेत सांगून मोकळ्या झाल्या, सुनंदाचं लग्न ठरलं. आमच्या कोंडाणे गावात दारी हिरवा मांडव म्हणजे लग्नच, त्यांचं तरी काय चुकलं? हेडसर हळहळले आणि विषय संपला.

मॅडम तेवढ्या टेंपोत बसून कोंडाण्याला आल्या. मी भांडी घासत होते. त्यांनी खाटेवरच्या आईकडे पाहिलं, माझ्या राखेनं भरलेल्या हातांकडे पाहिलं.

"लग्न आहे का गं तुझं?"

"नाय, मॅडम."

"वाटलंच," त्या म्हणाल्या. मग स्वतःलाच दुरुस्त केलं, "म्हणजे वाटलं होतं. खात्री नव्हती."

बाबा म्हणाले, "तुमी आलात, बरं वाटलं. पन आता कसली परीक्षा? अभ्यास कुठं हाय तिचा? नापासच व्हायची ती."

"होईल म्हणू नका, होऊ शकेल म्हणा. मग पासही होऊ शकेल, हेही म्हणावं लागेल."

बाबांनी न पेटवलेली विडी कानावर खोचली. म्हणाले, "परीक्षेपुरतं बहिणीला आणतो." मी पास झाले. आज शिळफाट्याजवळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. त्या दिवशी मॅडम आल्या नसत्या तर त्याच मांडवात माझं खरोखरच लग्न उरकलं असतं.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे शेलूला राहायला गेल्या. मी शेवटची भेटले तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा म्हणाला, "अम्मी बरी होणारच." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "नर्सबाई, तू सांग."

मला खोटं बोलवेना. "माइट," म्हटलं.

"शाबास," त्या म्हणाल्या आणि मुलाला चहा टाकायला पिटाळलं.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. "ताई, लवकर या," एवढंच बोलला. नंतर फोन लागेना. वाटेत मी काहीबाही मनात येऊ दिलं नाही. रिक्षा त्यांच्या बिल्डिंगपाशी वळली आणि खाली मांडव दिसला. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, मांडव म्हणजे लग्नच असू दे. रिक्षावाल्याला म्हटलंही, "कुणाचं तरी लग्न असेल." तेवढ्यात मॅडमचा मुलगा त्याच मांडवातल्या खुर्चीवरून उठून माझ्याकडे चालत आला.