डब्यातलं ऊन

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गुरप्पा हत्तुरे यांनी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात साठ वॅटचा दिवा लावला. साल १९७३, दुष्काळातला मे महिना. सोलापुरातल्या वायरलेस दुरुस्तीच्या खोलीत ते एकटेच मेकॅनिक, वय चोपन्न. समोरचा सेट मंगळवेढ्याचा, तिसऱ्यांदा परत आलेला.

त्या भागात पाण्याचा टँकर कोणत्या गावाला जाणार, ते रोज दुपारी एक वाजता या सेटवर कळायचं. सेट बाराच्या उन्हात मुका झाला की टँकर उभे राहायचे आणि गावोगाव घागरीही.

सेट मांडीवर घेऊन काल एस.टी.ने आलेला ऑपरेटर बिरप्पा बाकावर बसला होता.

"सकाळी लई ग्वाड बोलतंय, अण्णा. दुपारी न्हाय. त्यालाबी ऊन लागतंय की."

"लागतं."

"मग तुमी ह्या वाळ्याच्या पडद्याआड गारव्यात सूर लावताय, त्यो कुणासाठी? मंगळवेढ्यात पडदा कुटं हाय?"

कालही तो हेच बोलला होता. गुरप्पांना रात्रभर झोप लागली नाही. तीन वेळा त्यांनी पडद्याला पाणी मारून मगच काम सुरू केलं होतं. मंगळवेढ्याचं ऊन इथेच करायचा हा डबा त्यातून सुचला.

सेटचा सूर, म्हणजे त्याच्या लहरींची कंपनसंख्या, धरून ठेवते ती स्फटिकाची नखाएवढी चकती. चकती आणि तिच्याभोवतीचे चार सुटे भाग त्यांनी डब्यात ठेवले, वायरी बाहेर काढल्या. शेजारच्या रेडिओवर मुख्य केंद्राचा सूर लावला. दोन सुरांत फरक असला की शिट्टी वाजते. जुळले की विरते. गार असताना शिट्टी नव्हती. डब्यातल्या तापमापीचा पारा चव्वेचाळीसवर गेला तशी ती चढत गेली.

"ह्येच आमचं मंगळवेढं," बिरप्पा म्हणाला.

चकती शाबूत होती. उन्हाने बहकत होता तो चार भागांतला एक, तिच्या शेजारचा कंडेन्सर. मोडीतल्या सेटमधून काढलेले सात कंडेन्सर त्यांनी एकामागून एक जोडले. प्रत्येक वेळी डबा तापवायचा, निववायचा. पाठ आखडली, डोळ्यांची आग झाली. सहाव्याला बिरप्पा घोरत होता. सातव्याला शिट्टी गरम डब्यातही खालीच राहिली. पुरती विरली नाही, पण मुख्य केंद्राचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"झालं?" बिरप्पाने डोळे चोळत विचारलं.

"चालेल."

"चालंल म्हंजे?"

"चालेल म्हणजे चालेल, बाबा."

दुपारचे साडेतीन वाजले होते. गुरप्पांनी दिवा बंद केला आणि नोंदवहीत लिहिलं: मंगळवेढा सेट, उद्या सकाळी सव्वासहाच्या गाडीने रवाना, चाचणी तिथेच, उन्हात, दुपारी एक वाजता.