जस्त लागल्याचा फोन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरणारी बाई. एरर आली की तिला कारण असतंच, आज नाही तर उद्या सापडतं, ही माझी श्रद्धा. फक्त ही एक एरर अजून सापडलेली नाही... आणि खरं सांगू का, नाही सापडली तरी चालेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नारायण पेठेत आम्ही तिघं – मी, माझा नवरा सुहास आणि सासरे. सुहास भूगर्भशास्त्रज्ञ. खाजगी कंपन्यांना खनिजं शोधायची मुभा मिळाली आणि या पठ्ठ्याने पक्की सरकारी नोकरी सोडून एका नव्या कंपनीत उडी मारली. काम काय, तर नागपूरच्या पलीकडे एका खेड्याजवळ जस्तासाठी ड्रिलिंग. सासरे निवृत्त मास्तर. कोणी चौकशी केली की शांतपणे सांगायचे, "चिरंजीव भोकं पाडतात. पूर्वी सरकारी पाडायचे, आता खाजगी." मुलाचं कौतुक त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. सुहासने तर नाहीच.

एकामागून एक भोकं कोरडी निघाली. "आता हे शेवटचं," सुहास जाताना म्हणाला होता. "यातही नुसता दगड निघाला तर कँप बंद आणि माझी नोकरीही."

त्या शनिवारी आम्ही जेवत असताना फोन वाजला. सासऱ्यांनी उचलला. ऐकता ऐकता उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "शाबास रे पोरा," आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मागे मशीनची घरघर आणि सुहासचा आवाज – "चिमणे, लागलं गं जस्त." एवढंच. फोन कट.

चिमणे म्हणून मला फक्त तोच हाक मारतो, तीही चारचौघांत नाही.

सासऱ्यांनी टोपी घातली आणि थेट बुधवार पेठ गाठली. भर दुपारी मिठाईवाल्याला झोपेतून उठवून पेढे आणले – पुण्यात याहून मोठा अपराध नाही. सगळ्या इमारतीत वाटले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पेढा ठीक आहे, बातमी गोड आहे." एक बॉक्स घेऊन मी स्कूटरवरून वारज्याला कंपनीच्या ऑफिसात गेले.

साहेब बघतच राहिले. "अहो वहिनी, आत्ता नागपूर ऑफिसला फोन लावणार होतो, कँप गुंडाळा म्हणून. सुहासने मला का नाही कळवलं?"

"बायकोला आधी सांगितलं असेल," मी म्हटलं. साहेब हसले, पेढा खाल्ला आणि नागपूरला सांगितलं – कँपवर जीप पाठवा, म्हणावं ड्रिलिंग थांबवू नका.

रविवारी संध्याकाळी पुन्हा फोन. सुहास जवळजवळ ओरडतच होता, "लागलं! आत्ता तासाभरापूर्वी!"

"अरे, काल सांगितलंस की."

"काल? काल आम्ही सामान बांधत होतो. भोक कोरडं ठणठणीत. आणि फोन कुठून करणार, गावातला एकुलता एक बूथ दिवसभर बंद होता. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, ड्रिलिंग थांबवू नका. का ते कोणालाच कळेना. हुकूम म्हणून आणखी खाली गेलो... आणि काय दगड निघाला म्हणून सांगू! मधाच्या रंगाचा, नुसता चमचमतोय."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आणि हसूही आवरेना. "अरे, पण बाबा तुला शाबास म्हणाले काल."

 तिकडून सुहास बारीक आवाजात, "मला? मी नाही ऐकलं."

सासरे शेजारीच उभे होते. एकच गोष्ट दोनदा सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, सगळा वर्ग जाणून होता. त्यांनी रिसीव्हर घेतला. "काल म्हटलं होतं, ते तुला पोचलेलं दिसत नाही. शाबास." मग पुन्हा म्हणाले, "शाबास, बाळा."

तिकडून सुहास काय बोलला कोण जाणे. सासरे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्या दिवसाइतका आनंद आमच्या घराने क्वचितच पाहिला असेल.

क्रॉस कनेक्शन, कोणाची तरी मस्करी, सगळं तपासून झालं. आम्ही पेढे वाटले म्हणून कँप उठला नाही, आणि कँप उठला नाही म्हणून जस्त लागलं. मग पेढे कशामुळे वाटले? इथे माझं लॉजिक गोल गोल फिरतं.

सासऱ्यांना विचारलं तर म्हणायचे, "पहिली शाबासकी ज्याने घेतली त्याला लखलाभ. काम त्यानेही चोखच केलं."