तिसऱ्या मजल्यावरचे गुडघे

डॉ. शरयूताई देवधर यांना मी प्रथम भेटलो तेव्हा पीएच.डी.च्या आराखड्याच्या तोंडी परीक्षेत एकदा आपटलेला, पंचेचाळिशीतला फिजिओथेरपिस्ट होतो. नियमाप्रमाणे आणखी एकच संधी उरली होती. यजमानांच्या रेल्वेतल्या बदलीने ताई कोलकात्यात आल्या. बदल्या संपल्या, ताई इथल्याच झाल्या. माझा संशोधनाचा आराखडा त्यांनी हातात घेतला, वजन अजमावलं आणि परत दिला.

"छान जाड आहे. आता बाहेर बाकावर बसलेल्या एखाद्या पेशंटला सांगा. कागद न बघता."

ताईंची पद्धतच ही. पेशंट "येईन" म्हणाला, तरच परीक्षकांपुढे जायचं. ओपीडीच्या त्या बाकाने भल्याभल्या सुवर्णपदकवाल्यांना घाम फोडला आहे. नावं देत नाही. त्यातले निम्मे याच गौरवग्रंथात लिहीत आहेत.

माझ्या वाट्याला बराकपूरहून आलेल्या एक वयस्क बंगाली माशीमा, म्हणजे मावशी, आल्या. मी माझ्या हिंदीत समजावलं : गुडघेदुखीवर नवे व्यायाम, आठवड्यातून दोनदा, तीन महिने, इथेच तिसऱ्या मजल्यावर.

"लिफ्ट आहे?"

"नाही."

"मग तीन मजले ज्याला चढता येतात, त्याचे गुडघे तू कशाला दुरुस्त करतोस रे बाबा?"

माझ्या चाळीस पानांत सांख्यिकी होती, संदर्भसूची होती. जिना नव्हता. अभ्यासात नुसते धडधाकट गुडघेच आले असते आणि माझे व्यायाम रामबाण ठरले असते.

दारात उभ्या असलेल्या ताई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"तळमजल्यावर खोली मागा."

"मागितली होती ताई. एकही रिकामी नाही."

"माझी आहे ना!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचं टेबल तिसऱ्या मजल्यावर हलवलं. पासष्टी ओलांडलेले त्यांचे गुडघे माझ्या अभ्यासाच्या सर्व निकषांत चपखल बसत होते. मी भीत भीत तसं सुचवलंही.

"मार्गदर्शकच पेशंट? परीक्षक तुम्हाला पुन्हा घरी पाठवतील," म्हणाल्या आणि कठडा धरून चढू लागल्या.

परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, "हे रुग्ण तुमच्यापर्यंत पोहोचणार कसे?" मी कागद न बघता उत्तर दिलं. पास झालो. संदेश मिठाईचा डबा घेऊन धापा टाकत तिसरा मजला गाठला.

"माशीमांना दिलेत?"

दिले नव्हते. तसाच खाली उतरलो. त्या दिवशी माशीमांची ओपीडीतल्या नेहमीच्या व्यायामाची पाळी होती, त्यांनी दोन संदेश उचलले आणि "पास झालास ना? मग मीही येत राहीन," म्हणाल्या.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. शंभरीपर्यंतचं निरोगी, न दुखणारं आयुष्य त्यांना लाभावं. यात आम्हा शिष्यांचा निव्वळ स्वार्थ आहे : आम्हाला त्या बाकापुढे उभं करणारं दुसरं कोणी नाही. सत्कार समितीने समारंभासाठी दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह ठरवलं होतं. मी बैठकीत माशीमांचा पहिला प्रश्न तेवढा विचारला.

समारंभ तळमजल्यावर आहे.