चाड्यावरची मूठ

बंगळूरला निघालो त्या सकाळी एस.टी. यायला अवकाश होता, म्हणून रानात गेलो आणि जाता जाता शहाणपण शिकवून आलो. ज्वारी काढून झालेली, धसकटं तशीच उभी. माझ्या खिशात माती तपासायच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचा कागद. थोरल्या भावाला म्हटलं, "दादा, ही धसकटं कसली ठेवतोस? वेचून जाळ. दरवर्षी ट्रॅक्टरनं खोल नांगरून घे."

वहिनी म्हणाल्या, "भावजी, रान इतकं उघडं टाकू नये. ऊन बसतंय त्याला."

नाना, म्हणजे आमचे वडील, हसले. "शिकलेला सांगतोय. तू गप बस."

दादानं माझं ऐकलं.

मी येलहंक्याला खोली घेतली, हेब्बाळला कामाला लागलो. घरमालकाला कन्नडमधून 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, म्हणायला शिकलो, दुपारचा भात अंगवळणी पडला. दिवसभर काम एकच, मातीतला कर्ब मोजायचा. कर्ब म्हणजे पाला, मुळं, धसकटं कुजून मातीत जे मुरतं ते. ओल धरून ठेवतो तो हाच. काचेच्या भांड्यातला हिरवा रंग विटकरी व्हायला जितके थेंब जास्त लागतील, तितका कर्ब कमी.

गावाकडं पहिल्या वर्षी पीक जोरात आलं. मग दरसाल उतरत गेलं. उन्हाळेही तापायला लागले होते. नानांनी मात्र दोष वहिनींच्या हाताला दिला. आमच्याकडं पेरणीला बैलं पाभर ओढतात आणि तिच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाडग्यावर, घरची बाई मूठ धरते. पाभरीमागून चालत, बोटांच्या फटीतून बी सारखं सोडायचं. वहिनींसारखी मूठ शिवारात कुणाची नव्हती. एका रब्बीला नानांनी भावकीसमोर त्यांना चाड्यावरून उठवलं आणि चुलत सुनेला उभं केलं. "हिच्या हाताला बरकत नाही," म्हणाले. मी रजेवर तिथंच होतो, बांधावर, नवे बूट घालून.

परतताना दोन पिशव्या माती आणली. एक रानाच्या मधली, दुसरी त्याच रानाच्या एका कोपऱ्यातली. त्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळत नसे आणि वहिनी तिथली धसकटं कुणाला उपटू देत नसत. कोपऱ्यातला कर्ब रानातल्याच्या जवळपास दुप्पट निघाला.

आमच्या सुमाक्का बेळगावच्या, माझ्या वरच्या पदावर. त्यांना सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, "अक्का, उन्हाळे वाढलेत ना, म्हणून कर्ब जळतोय."

"जळतंय की. ऊन वाढलं की मातीतले जीव कर्ब भराभर खातात, वर पीक कमी, म्हणजे परत जाणारी मुळं कमी. खरंच आहे ते. पण कोपऱ्यावर काय मांडव घातला होता काय रे? उन्हाला कोर्टात उभं करतोस, आणि नांगर घालायला लावणारा कुठं गेला?"

त्याच आठवड्यात मी घरी पत्र लिहिलं, 'हवा तापते आहे, जगभर हेच चाललं आहे.' शब्द न् शब्द खरा होता. त्या खऱ्याच्या आड मी लपलो. तापल्या उन्हात माती उघडी मी पाडली, हे लिहिलं नाही. वहिनी चाड्यापासून लांबच राहिल्या.

नाना गेले. यंदा मी दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता माणूसच गेलं. भावकीत कशाला तोंड दाखवतोस असलं घेऊन?"

म्हणून तर गेलो. पेरणीच्या दिवशी, पाभर जुंपलेली असताना, सगळ्यांसमोर सांगितलं, "हात वहिनींचा वाईट नव्हता. अक्कल माझी वाईट होती."

चुलत सून बाजूला झाली. मी म्हटलं, "वहिनी, मूठ तुम्हाला परत..."

"तुम्ही कोण देणार?" त्या म्हणाल्या. "माझीच हाय ती. सरका." आणि चाडं धरून चालू लागल्या.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं लागली व्हय, एवढं बोलायला?" मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

गावातल्या भावकीला आणि माझ्यासारख्या इथं बंगळुरात येऊन पडलेल्यांना हे लिहितोय. ऊन वाढणार आहे, मला ठाऊक आहे, रोज काचेत बघतो. तरी रान विकायचं नाही, उघडंही टाकायचं नाही. आणि मला पाव्हणा समजू नका. पाव्हण्याला कुणी दोष देत नाही, म्हणूनच मी इतकी वर्षं सुखानं येऊन-जाऊन राहिलो. आता माझं घर तेच, जिथं चार माणसांत तोंडावर म्हणता येतं, "तू चुकलास," आणि तरी मी उठून जात नाही.