बॉल कुठून गेला, मामा?

गोल्फच्या मैदानावर माणसं बॉल भोकात घालायला येतात असा बाहेरच्यांचा समज असतो. काठमामांचं एकतीस वर्षांचं निरीक्षण वेगळं होतं. त्यांच्या मते निम्मी माणसं बॉल तळ्यात घालायलाच येतात. भोक आपलं निमित्त.

काठमामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने कॅडी. दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन रोज दोन-अडीच कोस चालायचं, कुठली काठी द्यायची ते सांगायचं आणि साहेबलोकांचा फटका चुकला की वाऱ्याला शिव्या द्यायच्या, हे त्यांचं काम. पण त्यांचं नाव झालं ते तळ्याच्या काठावर. बॉल पाण्यात गेला की एका फटक्याचा दंड बसतो आणि नवा बॉल जमिनीवर टाकून पुढे खेळायचं असतं. त्याला म्हणायचं ड्रॉप. हा ड्रॉप कुठेही घेता येत नाही. बॉल पाण्यात कुठे पडला याला कुणी विचारत नाही. पडण्याआधी त्याने काठ कुठे ओलांडला, ती जागा महत्त्वाची. तिथून दोन काठ्यांच्या अंतरात, भोकाच्या जवळ न सरकता, बॉल टाकायचा. आणि ती जागा सांगावी मामांनीच. काठावर ओळीने रोवलेल्या लाल खुंट्यांकडे बोट करून म्हणायचे, "ही. या तिसऱ्या लाल खुंटीच्या अलीकडे दोन पावलं." विषय संपला. समोरचा भिडूसुद्धा हुज्जत घालत नसे. सख्ख्या भावाशी कुंपणावरून भांडणारी माणसं मामांच्या बोटापुढे गप्प बसत.

ड्रॉपनंतरचे फटके हा मामांच्या जिव्हाळ्याचा विषय. साधा, सरळ, सुरेख फटका त्यांच्या लक्षात राहत नसे. "त्यात काय बघायचं? नीट मारला, नीट गेला." पण दंड भरून, तोंड पाडून, चिखलात पाय रोवून मारलेला फटका ते वीस वर्षांनीही हुबेहूब सांगत. निवृत्त हेडमास्तरांनी ड्रॉप घेतला, बॉल घरंगळून पुन्हा पाण्यात. दुसऱ्यांदा टाकला, पुन्हा पाण्यात. मग नियमाप्रमाणे हाताने ठेवला आणि हेडमास्तर त्याच्याकडे बोट रोखून म्हणाले, "हललास तर याद राख." बॉल हलला नाही. पण मारल्यावर तो समोरच्या झाडाच्या बुंध्यावर आपटला, हेडमास्तरांच्या टोपीवरून मागे आला, पंपघराच्या पत्र्यावर वाजला आणि टणकन उडून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, जाऊन बसला. हेडमास्तरांनी शांतपणे टोपी नीट केली आणि म्हणाले, "शिस्त लावावी लागते."

एका बेकरीवालीचा बॉल ड्रॉपनंतर कुंपणाला असा खेटून थांबला की उजव्या हाताने मारायला जागाच नाही. तिने काठी उलटी धरली आणि डावखुऱ्यासारखा फटका मारला. बॉल भोकापासून वीतभर. मैदानभर टाळ्या. मग बाईंनी ते वीतभर अंतर हुकवलं.

"हे माणसाचं खरं खेळणं," मामा म्हणत. त्यांना आवडायचा तो मधला क्षण. पहिल्या फटक्याच्या आधी कुणी त्यांना काही विचारत नसे. पण बॉल पाण्यात गेला, नवा बॉल पायाशी पडला, की भलेभले वळून बघत आणि हळू आवाजात म्हणत, "मामा, आता?" त्या 'आता'वर मामा एकतीस वर्षं जगले होते.

मध्यंतरी नियम बदलला. पूर्वी बॉल खांद्याच्या उंचीवरून सोडत, आता गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. जुन्या मंडळींना ते काही केल्या अंगवळणी पडेना. ते खांद्यावरून सोडत, मामा ओरडत, "गुडघा, साहेब, गुडघा!" आणि साहेब म्हणत, "तो असता तर वाकलो नसतो का?"

असं सगळं छान चाललं होतं. फक्त गेल्या वर्षापासून मामांना बॉल दिसत नव्हता.

हे पहिल्यांदा कळलं त्यांच्या बायकोला. ती घरी कपडे उसवून-शिवून द्यायची आणि सुईत दोरा ओवायचं काम पहिल्यापासून मामांचं. एके दिवशी तिने सुई पुढे केली. मामांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, पिळलं आणि सुईच्या आजूबाजूला सगळीकडे घातलं.

"अहो, भोक मधे आहे," ती म्हणाली.

"दोरा जाड आहे."

"दोरा कालचाच आहे."

"मग सुई जुनी झाली."

तिने सुई परत घेतली. दुसऱ्या दिवशी मशीनशेजारी दोरा ओवायची तारेची छोटी पट्टी आली. तिसऱ्या दिवशी मात्र बोलली. "मोतीबिंदू आहे. माझ्या आईला होता. पंधरा मिनिटांचं काम असतं. जाऊन या."

"जाईन की."

"कधी?"

"हा सीझन झाला की."

"तुमच्या त्या मैदानात गवत बाराही महिने असतं. सीझन संपायचा कधी?"

मामा डॉक्टरला घाबरत नव्हते. ते घाबरत होते बुटांच्या खोलीला. त्यांच्या आधीच्या जुन्या कॅडीचे डोळे गेले तेव्हा क्लबने त्याला काढलं नव्हतं, चांगलं वागवलं होतं. बिल्ला जमा करून घेतला आणि मागच्या अंगाला बुटांच्या खोलीत स्टुलावर बसवलं. तिथे तो सभासदांच्या बुटांच्या तळव्यांतून ब्रशने माती काढायचा. येणाजाणाऱ्याला विचारायचा, "आज बाराव्या होलवर वारा कसा आहे?" आणि येणाजाणारा बूट घालून निघून जायचा. डोळे तपासायला गेलो की कागद होणार, कागद कॅडीमास्तरपर्यंत जाणार आणि आपण त्या स्टुलावर, असा मामांचा सरळ हिशेब होता.

तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. बॉल दीडशे पावलांवर दिसत नाही. पण खेळणाऱ्याची मान दहा पावलांवर दिसते. बॉल जाईल तिकडे मान जाते. उजवीकडे वळला की मान उजवीकडे, फार वळला की कंबरही. मान कुठवर वळून थबकली त्यावरून काठाची जागा. मग 'डुबुक्' ऐकू आलं की अंतर. वर शिव्यांचा आधार होताच. बॉल थोडक्यात गेला की माणूस आईवरून सुरू करतो. फारच बाहेर गेला तर बिचारा नुसता सुस्कारा सोडतो. वर्षभर मामा लोकांच्या माना वाचून बोट दाखवत होते आणि एकदाही कुणी हरकत घेतली नव्हती. मात्र रात्री पाठ टेकली की तेच बोट त्यांना टोचायचं.

ज्यांची बॅग ते चौदा वर्षं उचलत होते त्या दातांच्या डॉक्टर. सगळे त्यांना बाई म्हणत. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणून कंटाळलेल्या, म्हणून मैदानावर फारसं न बोलणाऱ्या. चौदा वर्षांत त्यांनी क्लबचा कप जिंकला नव्हता. यंदा गाडी अंतिम फेरीपर्यंत आली. समोर कंत्राटदार. माणूस मोठ्या आवाजाचा, पण मनाने मोकळा. स्वतःची बॅग स्वतः ओढणारा. सतरा होल झाले, दोघं बरोबरीत. शेवटच्या, अठराव्या होलला उजव्या अंगाला लांबलचक तळं, ते थेट ग्रीनपर्यंत.

बाईंचा दुसरा फटका. काठी बॉलला लागली तो आवाजच मामांना आवडला नाही. कापडावर काठी आपटल्यासारखा. त्यांनी सवयीने मान बघितली. मान खाली होती. बाईंनी फटका बिघडल्याचं हाताला कळताच डोळे मिटून हनुवटी छातीला लावली होती. मामांनी झटकन कंत्राटदाराकडे बघितलं. कंत्राटदार खाली बसून बुटाची नाडी बांधत होता.

मग सगळ्यांना ऐकू आलं, डुबुक्.

"कुठून गेला, मामा?" बाईंनी डोळे उघडून विचारलं.

बॉल काठाकाठाने उडत जाऊन अगदी शेवटी वळला असेल तर ड्रॉप पुढे, ग्रीनपासून तीस पावलांवर. तिथून बाई झोपेतही खेळल्या असत्या. पण आधीच वळून पाण्यावरून गेला असेल तर ड्रॉप मागे, पहिल्या खुंटीपाशी, झाडांच्या फांद्यांखाली.

"बोला मामा," कंत्राटदार नाडी आवळत म्हणाला. "तुम्ही म्हणाल ती जागा."

मामांनी बोट वर केलं. वर्षभर ते बोट आपसूक कुठेतरी जाऊन थांबायचं. बाईंचा कप, आपला बिल्ला, बुटांची खोली, सगळं त्याच्या टोकाशी होतं. पुढची जागा दाखवली तर कुणीच हरकत घेतली नसती. मामांनी बोट दुमडलं आणि हात खाली घेतला.

"मला दिसलं नाही, बाई."

"काय?"

"बॉल दिसला नाही. मला बॉल दिसतच नाही. वर्ष झालं."

कंत्राटदार तसाच एका गुडघ्यावर राहिला. बाई मामांकडे बघत राहिल्या, दवाखान्यात बघतात तशा, बारीक डोळे करून.

"वर्ष? मग गेल्या महिन्यात सातव्या होलवर?"

"ते बरोबर होतं. तुम्ही तिकडे बघत होतात."

"आणि त्या बँकवाल्यांच्या मॅचमध्ये?"

"ते… अंदाज होता. बरोबर असावा."

"असावा!" बाई म्हणाल्या. चौदा वर्षांत त्यांचा आवाज मामांनी एवढा चढलेला ऐकला नव्हता. "मामा, त्या माणसाला मी एका फटक्याने हरवलं!"

 पट्टा मामांच्या खांद्यात रुतल्यासारखा झाला, म्हणून त्यांनी बॅग गवतावर उभी केली.

"मी तर नाडी बांधत होतो," कंत्राटदार उठत म्हणाला. "बाई, तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल ते मला चालेल. खरंच."

बाईंनी एकदा पाण्याकडे बघितलं. मग मागे वळल्या आणि पहिल्या खुंटीकडे चालू लागल्या. "काठी तिरकी लागली होती," एवढंच म्हणाल्या. "तशी लागली की माझा बॉल लवकर वळतो." त्यांनी नवा बॉल काढला, वाकल्या, गुडघ्याच्या उंचीवरून सोडला. तो आखूड गवतात बसला. समोर फांद्या, फांद्यांपलीकडे शंभर पावलांवर ग्रीन.

मामा चार हात मागे उभे होते. आता आपल्याला काही विचारणार नाहीत हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

"मामा," बाई न वळता म्हणाल्या, "आता?"

मामा पुढे झाले. त्यांनी बॉलशेजारची जमीन पायाने दाबून बघितली, टाच रोवून बघितली. ही जमीन बघायला त्यांना डोळे लागत नव्हते. "वरून जाऊ नका. फांद्यांखालून, बुटका मारा. पाच नंबर घ्या, पण धरा खाली, भोकाजवळ बॉल ढकलायच्या पटरने मारतात तेवढाच हात. ग्रीनवर टाकायचा नाही. डावीकडे गवत कापायचं यंत्र रोज वळतं, तिथली जमीन दगडासारखी झालीय. तिथे टप्पा पडला की स्वतःच्या पायाने उजवीकडे उतरत जाईल."

"ती जागा मला इथून दिसत नाही."

"मलाही नाही. पण आहे."

बाईंनी मारला. टिक् असा छोटा, कोरडा आवाज झाला. यावेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. मामांचे उघडे असून नसल्यासारखे.

"फांद्यांखालून निघाला," बाई म्हणाल्या.  "सरळ जातोय. पडला. हो, तिथेच पडला, उसळला! आता वळतोय. उजवीकडे… हळू हळू… मामा, ग्रीनवर आला. अजून चाललाय."

"थांबला?"

"थांबा हो जरा. थांबला! सात-आठ पावलं. भोकाच्या वर."

"वर नको होता," मामा म्हणाले. "उतारावरून भोकात ढकलायचा पट वाईट." पण त्यांचा चेहरा बघून कंत्राटदारच टाळ्या वाजवू लागला. "मामा, हा तुमच्या यादीत घालायचा! हेडमास्तरांच्या वर!"

"बघितला नाही मी," मामा म्हणाले. "ऐकीव फटका यादीत कसा घालू?"

"मी बघितलाय ना," बाई म्हणाल्या. "घाला."

कंत्राटदाराचे पाच फटके झाले. बाईंना बरोबरीसाठी तो उताराचा पट घालायचा होता. तो भोकाच्या कडेवरून गेला, थांबायचं विसरला. कप कंत्राटदाराने नेला. नेताना त्याने बाईंशी दोनदा हात मिळवला आणि मामांशी तीनदा.

बॅगा ठेवायच्या जागी मामांनी छातीवरचा बिल्ला काढला आणि बाईंच्या काठ्या पुसायच्या फडक्यावर ठेवला. "तुम्हीच कॅडीमास्तरांना सांगा, बाई. माझ्याने सांगवणार नाही."

"मी सांगणार आहेच," बाई म्हणाल्या. "आणि बँकवाल्यांनाही फोन करणार आहे. ते काय म्हणतील ते म्हणोत. तुम्ही माझ्याशी वर्षभर खोटं बोललात मामा, ते मी विसरणार नाही."

"विसरू नका."

"माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर बसतात. सोमवारी अकरा वाजता. तुमच्या मंडळींना घेऊन या. तुम्ही एकटे आलात तर जिन्यावरूनच परत जाल." बाईंनी बिल्ला उचलला, फडक्याने पुसला आणि मामांच्या हातात दिला. "एक डोळा आधी, महिन्याने दुसरा. तोवर बॉल मी बघणार, जमीन तुम्ही बघायची. कॅडीमास्तरांना हेच सांगणार आहे. दुसऱ्या कुणाची बॅग तोवर उचलायची नाही."

"आणि डोळ्यांनी काही जमलं नाही तर?"

"तर तेव्हा बघू. चला, माझे बूट पण ओले झालेत, मी जाते."

पुढच्या शनिवारी सकाळी पहिल्याच होलवर बाईंनी मारला आणि कपाळावर हात आडवा धरून बघत राहिल्या.

"कुठे गेला?" मामांनी विचारलं.

"डावीकडे. झाडांत."

"कुठल्या झाडांत?"

बाईंनी बराच वेळ बघितलं. "नाही सांगता येत, मामा. उन्हात गेला."

मामांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. "मग जाऊनच बघावं लागेल," ते म्हणाले, आणि दोघं झाडांकडे चालू लागली.