ती म्हणते, भूक लागली होती

प्रोफेसरांनी रुळाच्या टोकानं माझ्या आईचा हात उलटा केला.

हाताला हात लावला नाही. रूळ लावला. तळवा काळा पडलेला, बोटांच्या पेरांना भेगा. "लिहून घ्या," ते वर्गाला म्हणाले, "अस्वच्छ हात. याच हातांनी स्वयंपाक."

मुरबाडच्या सरकारी बंगल्याची ओसरी. शेतकी कॉलेजची आम्ही वीस-बावीस पोरं सतरंजीवर वह्या घेऊन बसलेली. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं, हे आता सांगतानाही लाज वाटते.

कडूकंद सोलला की हात काळे पडतात. घासून जात नाहीत, चार दिवस तसेच राहतात. त्या ओसरीवर हे दोघांनाच ठाऊक होतं. आणि ही बाई त्या वर्गातल्या एका पोराची आई आहे, हेही त्या दोघांनाच.

मी तिथवर पोचलो कसा, तर शाळेतल्या मास्तरांच्या हट्टानं आणि माझ्या घोकंपट्टीनं. मुरबाडच्या डोंगराकडची आमची वाडी. तिथून शहरातल्या कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अक्कल मात्र वाडीतच विसरून गेलो. बोर्डिंगात पहिल्या सणाला श्रीखंड वाढलं. मला वाटलं, भिंतीला लावायचं काहीतरी चुकून पानात पडलं. बोटानं बाजूला सारलं. पंगत हसली. त्या दिवसापासून मी एकच विद्या मन लावून शिकलो, दुसऱ्यासारखं दिसायची. गाव विचारलं की म्हणायचो, "कल्याणकडचा." घरी काय खाता विचारलं की म्हणायचो, "साधंच, वरणभात." नाचणीचं नाव काढलं नाही. कंदाचं तर नाहीच.

लढाईचे दिवस. धान्य मिळेना. कॉलेजानं नवा विषय काढला. अन्न शेतातून पानापर्यंत कसं येतं, कुणाच्या पानापर्यंत येतच नाही, आणि धान्य नसेल तेव्हा माणसं काय खातात. विषय चांगला होता. मला फार आवडायचा, आणि नेमकं त्यातच मी तोंडावर आपटलो.

पौषात वर्गाची सहल मुरबाडला ठरली. प्रोफेसरांनी विचारलं, "तिकडची बोली कुणाला कळते का?" मी हात वर केला. "थोडी कळते, सर." थोडी! आईच्या पोटातून बाहेर आल्यावर रडलो तोही त्याच बोलीत.

पाटलाला निरोप गेला होता, रानचा कंद रांधणारी एखादी बाई पाठव. वाडीतल्या बायका घाबरल्या. आय म्हणाली, मी जाते. कॉलेजची पोरं येणार म्हणजे आपला पोरगा दिसेल, एवढाच तिचा हिशेब. टोपलीत शिजवलेला कंद घेऊन ती पहाटे निघाली आणि तीन कोस चालत आली.

ओसरीच्या पायरीशी तिनं मला पाहिलं. चेहरा उजळला. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करू लागलो. टोक आधीच होतं.

तिला कळलं. एका नजरेत कळलं. पदर पुढं ओढून ती म्हणाली, "काय सांगू, साहेब?"

साहेब! मला!

तिनं सांगितलं, मी पुस्तकी भाषेत वर्गाला सांगत गेलो. कंदात विष असतं. पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात एक रात्र ठेवायचे, मग पुन्हा उकडायचे. प्रोफेसर मध्येच म्हणाले, "एवढा वेळ? एकदा नीट उकडलं की पुरे. वेळेची किंमत नसलेल्या लोकांच्या या रीती." पोरांनी ते लिहिलं.

मग टोपली उघडली. आमच्याकडे रीत अशी की जिनं कंद रांधला, तिनं पहिला तुकडा खायचा. एकटीनं. मग थांबायचं. जीभ खाजली नाही, घसा धरला नाही, पोट ढवळलं नाही, तरच पोरांच्या पानात वाढायचा. आयनं तुकडा तोंडात टाकला.

"पाहा," प्रोफेसर म्हणाले, "पाहुण्यांच्या आधी स्वतः. अन्न दिसलं की यांना धीर धरवत नाही. विचार रे तिला, आधी का खाल्लं?"

मी पायरीशी गेलो. विचारलं. ती इतकी हळू बोलली की मला एकट्यालाच ऐकू आलं.

"विख उतरलंय का नाय, ते माझ्या जिबंवर कळतं. मी मेले तर मेले, पोरा वाचतील."

मी वळलो. साऱ्या वह्या, साऱ्या पेन्सिली माझ्याकडे रोखलेल्या. हे वाक्य तसंच सांगितलं तर माझा आवाज फुटेल, आणि आवाज फुटला तर सगळ्यांना कळेल, याची भीती वाटली.

"सर, ती म्हणते, भूक लागली होती."

ओसरी हसली. मी पण हसलो. माझंच हसू सगळ्यांत मोठं होतं.

तिला ऐकू गेलं होतं. तिनं मान वर केली, प्रोफेसरांकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हां साहेब. लय भूक लागलेली."

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. भर सभेत. स्वतःवर घेऊन.

निघताना माझ्यासमोर थांबली. "साहेब, पोरांना आताच खाऊ देऊ नका. ऊन कलू द्या. माझं काय व्हतंय ते बघा, मंग खा." आणि उन्हं कलेपर्यंत बंगल्याबाहेर, वडाच्या बुडाशी बसून राहिली. मी तिला पाणी नेऊन दिलं नाही.

शिमग्याला घरी गेलो. ती अंगण सारवत होती. मी म्हणालो, "आय, मी खोटं बोललो."

"मी पन बोलले ना रे. दोगांनी मिळून केलं." हसली. मग हात थांबला. "पन तुज्या वहीत काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. एकदा उकडणे पुरेसे. पाण्यात ठेवणे ही आळसाची रीत. आधी खाणे हे भुकेचे लक्षण.

तिचं हसू गेलं. "ह्ये वाचून कोन रांधंल तर मरंल रे. त्याची पोरा पन मरतील. मला काय म्हनायचं त्ये म्हनू दे त्यांना. ह्ये खोड."

"माझ्या वहीतलं खोडतो."

"तुज्या वहीतलं नाय. साहेबाच्या."

त्या सहलीवरून प्रोफेसरांनी छापील नोट काढली होती, वर्गानं तीच पाठ करायची. चैत्रात तोंडी परीक्षा. समोर प्रोफेसर आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. प्रश्न आलाच. "डोंगरी लोक कंद रात्रभर पाण्यात का ठेवतात?"

"विष उतरायला, सर. आणि बाई आधी खाते ती विष उतरलंय का ते बघायला. भूक मी पदरची घातली. ती माझी आई होती."

बाहेरचे परीक्षक खिडकीबाहेर बघू लागले. प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "मग त्या दिवशी का बोलला नाहीस?"

प्रश्न बरोबर होता. सगळ्या कॉलेजात मला विचारलेला तेवढा एकच प्रश्न बरोबर.

"घाबरलो, सर. पण मी घाबरलो म्हणून कंदातलं विष जात नाही."

"नोटमध्ये आहे ते सांग. पास करतो."

"नाही सांगणार."

नापास झालो. त्या एका विषयात. पुन्हा बसलो, पुन्हा तेच उत्तर दिलं, पुन्हा नापास. तिसऱ्यांदा त्यांनी बसूच दिलं नाही. आता किन्हवलीच्या बाजूला शाळेत मास्तर आहे. पदवी नाही.

आय जेव्हा भेटायची तेव्हा विचारायची, "खोडलं का रे त्यांनी?" मी सांगायचो, अर्ज केलाय. मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. शेवटच्या दिवसांत तोंडाला चव नव्हती, डोळे उघडत नव्हते, तरी विचारलंच.

"नाय, आय. अजून नाय."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. त्यापुढं माझ्याशी बोलली नाही. मला वाटतं, माझ्यावर ती तेवढीच एकदा रागावली. रागावली हे चांगलंच झालं. ओसरीवरच रागवायला हवी होती.

देशाचा झेंडा बदलला. नोट तीच आहे. गेल्या महिन्यात त्याच कॉलेजातून शिकून आलेला एक तरुण अधिकारी आमच्या शाळेत आला आणि पोरांना शिकवू लागला, "कंद एकदा नीट उकडला की पुरे." मी खडू खाली ठेवला, त्याला तिथंच थांबवलं आणि पोरांसमोर सांगितलं की हे खोटं आहे, आणि ते रचण्यात माझाही हात आहे. तो म्हणाला, "पुरावा काय?"

पुरावा गेला, साहेब. माझ्या आईची जीभ होती ती. आता मी आहे.

येत्या सुट्टीत कॉलेजात जाणार. वर्ग भरलेला असताना जाणार, साऱ्या पोरांसमोर बोलणार. आईचं नाव सांगणार, माझं हसू सांगणार. शिपाई बाहेर काढील. पुढच्या वर्षी परत जाईन. खोटी साक्ष मी दिली. ती खोडली जाईपर्यंत खरी साक्षही मीच देत राहणार.