तंबाखू न खाणारे काका

त्या वर्षी शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात पाण्याचा टँकर कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नसे. देशी दारूचं दुकान मात्र वेळेवर उघडे. मी बीडमध्ये एका दैनिकात दुष्काळाच्या बातम्या लिहीत होतो. टँकरची बातमी छापून आली. दुकानाची बातमी होत नव्हती.

माझे धाकटे काका दर हंगामाला काकीबरोबर सहकारी साखर कारखान्याचा ऊस तोडायला जात. अंग दुखलं, थंडी वाजली, दिवस मावळला, की ते दारू घेत. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नव्हता आणि हे ते स्वतःहून सांगत. दसऱ्याच्या सुमारास जेवताना घास छातीत अडकू लागला. अडकलेला घास ते दारूच्या घोटाने खाली ढकलत.

बीडच्या दवाखान्यात मी कॅन्सरच्या तपासणीची वेळ घेतली. ऊसतोडीची टोळी निघायची तोच दिवस मिळाला. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्याने जाऊन भागत नाही. टोळीचा मुकादम ट्रक घेऊन दारात आला. घास अडकण्याचं त्याच्या कानावर गेलं होतं.

"काय बे, ऊस काय घशानं तोडायचाय व्हय?"

काका भांड्यांचं बोचकं उचलू लागले. काकीने ते त्यांच्या हातून काढून घेतलं.

"आमचा कोयता येत न्हाई," ती म्हणाली. "दुसरा बघा."

"वैनी, कॅन्सर तंबाखूवाल्याला होतो. पंचायतीच्या भिंतीवर चित्र हाय."

चित्र खरंच होतं. ट्रक गेला.

अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. काकांनी डॉक्टरांना तंबाखू खात नसल्याचं सांगून पाहिलं.

"दारूनंही धोका वाढतो," डॉक्टर म्हणाले. "पिणाऱ्या प्रत्येकाला होतोच असं नाही. तुम्ही वेळेत आलात."

"मग दारूचं चित्र कावून न्हाई काढलं?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

उपचार लांबले. काका वाचले. ऊसतोड सुटली, दारूही सुटली. हंगाम संपल्यावर मुकादम भेटायला आला.

"दारूनं झालं म्हणत्यात," काका म्हणाले.

"काय बी सांगत्यात! मी बी पितो, मग मला कावून न्हाई झालं?"

"तू कवा तपासून घेतलं?"

मुकादमाने पावसाचा विषय काढला. त्या वर्षी त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तरी तो बराच वेळ बोलला.